धुराचं बूड शोधणारी बाई

गावंडे मॅडमनी पहिल्याच भेटीत माझी कॉलर धरली. अमरावतीच्या त्या कॉलेजात संशोधन सहायक म्हणून रुजू व्हायला मी अकोल्याहून आलो होतो. अंगात अब्बांनी स्वतः शिवलेला नवा शर्ट. विभागाच्या दारात उभा राहून आत येण्याची परवानगी मागतोय, तोच आतून एक उंच, हाडकुळी बाई तरातरा आली, माझी कॉलर मुठीत धरली आणि मला जिन्यावरून ओढत गच्चीवर घेऊन गेली. कॉलरचं बटण जिन्यातच तुटलं.

"वर पाय. सूर्य कसा दिसते?"

मी वर पाहिलं. एप्रिलची दुपार होती, आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. तांब्याच्या जुन्या बंबासारखा लालसर, थंड दिसत होता तो.

"ढगाळ आहे, मॅडम."

"ढग? अबे, ढग असता तं सावली गेली असती. तुही सावली पाय."

सावली होती, पण तिला कडा नव्हती. पिवळट पाणी सांडल्यासारखी ती पायाशी पसरली होती.

"हे मेळघाट हाय," मॅडम म्हणाल्या. "जळलेलं मेळघाट. झाडं, पाखरं, सरपटणारी जनावरं, सारे तुह्या छातीत जाऊन राहिले. अन् तू ढग म्हणतो! चाल खाली, दाखवतो तुले."

वऱ्हाडातल्या बाया 'जातो, करतो' म्हणतात, तशाच मॅडम बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी एकदा त्यांचं क्रियापद सुधारायचा प्रयत्न केला. मॅडमनी हातातला डस्टर त्यांच्या कानाजवळून भिंतीवर मारला आणि पुढचं वाक्यही तसंच बोलल्या.

खालच्या खोलीत संगणकावर त्या दिवशीचं उपग्रहाचं छायाचित्र उघडं होतं. वरच्या बाजूला सातपुड्याच्या सुरकुत्या आणि त्यात लाल ठिपके. जिथली जमीन आजूबाजूपेक्षा भयंकर तापलेली असते, तिथं असा ठिपका पडतो. ठिपक्यांतून राखाडी-निळसर पट्टा निघाला होता आणि वायव्येचा वारा त्याला अमरावतीवरून वर्धेकडं ओढत नेत होता.

"ढग पांढरा असते, त्याले काठ असते. धूळ पिवळी असते. धूर भुरा, पातळ, त्याच्यातून खालची नदी दिसते. अन् धुराले बूड असते, साजिद. कितीबी लांब जाऊ दे त्याले. बूड सापडलं पायजे."

त्यांचं सगळं काम एवढ्यात आलं. एक उपग्रह जागच्या जागी राहून दिवसभर थोड्या थोड्या वेळानं चित्रं पाठवतो. मॅडम ती एकामागून एक लावायच्या आणि उलटी फिरवायच्या. तीनशे मैलांवर पसरलेला धूर मग रिळावर दोरा गुंडाळावा तसा मागं मागं येत एका टेकडीत, एका नाल्यात शिरून नाहीसा व्हायचा. हवेतले कण कुठं किती दाट आहेत त्याचे रंगीत नकाशे वेगळे असायचे. ते बघताना मॅडम दात खायच्या. लाल रंगाखाली एखादं गाव आलं, की त्या गावात कोण कोण नातेवाईक राहतात त्यांची नावं घेऊन शिव्या द्यायच्या. त्यांना नाही, धुराला.

धुरांना त्या बैलांसारखी नावं ठेवायच्या. एक भोकाड्या होता, एक लंगडा, एक मुका. "भोकाड्या नागपूर पार करून गेला, बेटा आता छत्तीसगडले घाबरवते," असं सकाळी सकाळी कानावर यायचं. ढगाखाली एखादा धूर दिसेनासा झाला की त्या टेबलावर इतक्या जोरात डावी मूठ आपटायच्या की कीबोर्डची बटणं उडायची. आमच्या विभागात कीबोर्ड टिकत नसत. जेवायला बसल्या की कांदा टेबलावर ठेवून त्याच मुठीनं फोडायच्या. भाकर, ठेचा आणि तो फुटलेला कांदा. तो धाडकन आवाज झाला, की व्हरांड्यातल्या पोरांना कळायचं, मॅडम जेवायला बसल्या, आता जरा वेळ जिवाला धोका नाही.

एकदा एका सरकारी बैठकीला आम्ही दोघं गेलो. थंडगार खोली, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. तिथले मोठे साहेब म्हणाले, की शहरावर जे दिसतं ते सकाळचं धुकं आहे, लोकांनी घाबरून जाऊ नये. एप्रिलात धुकं! मॅडमनी समोरचा छापील कागदांचा गठ्ठा उचलला, बिस्किटांच्या रिकाम्या ताटलीत ठेवला, पर्समधून काडेपेटी काढली आणि पेटवून दिला. खोली बंद, खिडक्या बंद. पाहता पाहता सगळे खोकायला लागले. कोणीतरी दाराकडं धावलं, एकाची खुर्ची उलटली. साहेब डोळे चोळत ओरडत होते, "बाई, काय करताय हे!"

"धुकं हाय साहेब," मॅडम जागेवर बसूनच म्हणाल्या. "घाबरून जाऊ नका."

त्यानंतर आम्हाला त्या खोलीत कोणी बोलावलं नाही.

पण मॅडमचा राग म्हणजे नुसता तमाशा नव्हता, हे मला दर्यापूरच्या रस्त्यावर कळलं. आम्ही काळीपिवळी जीपनं निघालो होतो, हवेतले कण मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन. कोणीतरी शेताचा धुरा पेटवला होता. धुरा म्हणजे बांध. पेरणीआधी बांधावरचं गवत, काटेरी झुडपं जाळून साफ करायची आमच्याकडं सवय आहे. त्या दिवशी वारा रस्त्याच्या बाजूनं फिरला. डांबरी रस्त्यावर धुराची भिंत उभी राहिली. आमचा ड्रायव्हर थांबला, पण समोरून येणारा ट्रक थांबला नाही. धुराच्या आत आम्हाला काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. आधी पत्रा चेपल्याचा आवाज, मग एका बाईची किंकाळी, आणि ती मध्येच तुटली.

मॅडम उडी मारून आत पळाल्या. मी मागोमाग. एक मोटारसायकल ट्रकच्या पुढच्या चाकात शिरली होती. चालवणारा माणूस जागीच गेला होता. त्याचं डोकं बघण्यासारखं राहिलं नव्हतं. मागं बसलेल्या बाईचा पाय मांडीपासून उलटा वळला होता. मॅडमनी स्वतःची ओढणी फाडून तो बांधला, दोन माणसांना हाका मारून तिला आमच्या जीपमध्ये घातलं आणि जीप दर्यापूरच्या दवाखान्याकडं पिटाळली. मग त्या वळल्या आणि थेट त्या शेतात शिरल्या. शेतकरी हातात पेटतं गवत घेऊन उभा होता, काय झालं ते त्याला अजून कळलं नव्हतं. मॅडमनी त्याच्या थोबाडीत मारली. पालथ्या हातानं आणखी एक मारली. तोही गडी तापट, त्यानं हातातली काठी उचलून त्यांच्या पाठीत घातली.

"मार!" मॅडम ओरडल्या. "मले मार अजून, पण आदी हे इझव!"

आणि काठीचे वार चालू असतानाच त्या चपलांनी जाळ तुडवायला लागल्या. तिसऱ्या की चौथ्या वारानंतर त्या माणसाचा हात थांबला. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. ट्रक दिसला, रक्त दिसलं. तो मटकन खाली बसला. मग उठून तोही विझवायला लागला. आम्ही तिघांनी तो धुरा विझवला. परतीच्या बसमध्ये मॅडम सीटला पाठ टेकवू शकत नव्हत्या. वलगाव आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "आमचं घर ते. माय असते तिथं. उतरलो तं माय पाठ पाहीन अन् रडत बसीन." आणि उतरल्या नाहीत.

वलगावच्या त्या घरात मॅडमची आई राहायची. थोरला भाऊ शंकरदादा मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याच्याही पुढं, जंगलाला लागून असलेलं वावर करायचा. मॅडमच्या वडिलांमागं दादानंच त्यांना शिकवलं होतं. कॉलेजच्या होस्टेलला तो सायकलवरून ज्वारीचं पीठ आणून द्यायचा, हे मॅडम फार वेळा सांगायच्या. कुणाबद्दल त्यांचा आवाज मऊ व्हायचा तर दादाबद्दल. तो त्यांना कुमे म्हणायचा. कुमुद गावंडे या बाईला कुमे म्हणण्याची हिंमत दुसऱ्या कोणात नव्हती.

पुढं सांगतो ती घटना उन्हाळ्यातली. आदल्या दिवशी दादाच्या गावाच्या वरच्या जंगलात वणवा लागला होता. मोहफुलं वेचायला गेलेल्या गावातल्या दोन बाया त्यात सापडल्या, जळून मेल्या. सकाळी मॅडम छायाचित्रं लावून बसल्या होत्या आणि मी शेजारी उभा होतो. त्या दिवशी वारा नेहमीसारखा डोंगरातून खाली येणारा नव्हता. तो दक्षिणेचा होता, सपाटीवरून डोंगरावर चढणारा.

"मागं घे," त्या म्हणाल्या.

मी चित्रं उलटी फिरवली. डोंगरावरचा धूर आखडत खाली आला. जंगलाची हद्द आली, तो तिथं थांबेल असं वाटलं. थांबला नाही. हद्द ओलांडून सपाटीत उतरला, नाल्याच्या वळणाशी आला आणि तिथं संपला. मॅडमनी आदल्या दुपारचा तापलेला ठिपका त्यावर ठेवून पाहिला. तोही त्याच वळणाशी.

मग त्या म्हणाल्या, "दादाचं वावर हाय हे."

त्यांनी फोन लावला. पलीकडं गलका होता, तो मलाही ऐकू येत होता. शंकरदादा ओरडून बोलत होता, "कुमे, सापडला व तो! बिसराम! थोच मोहाखाली पाला जाळते दरसाल. बांधून ठेवला साल्याले. दोन बायांचा जीव घेतला त्यानं."

"दादा, त्याले हात लावू नको. मी येऊन राहिलो. दादा!"

फोन बंद झाला होता.

बिसराम हा कोरकू माणूस, जंगलाच्या कडेला झोपडी करून राहणारा, शेळ्या राखणारा. मॅडमनी लॅपटॉप उचलला आणि मी माझी जुनी गाडी काढली. रस्ताभर त्या "चाल, चाल, चाल" एवढंच म्हणत होत्या. मी पोलिसांना फोन लावला. गाव आलं तेव्हा मला म्हणाल्या, "साजिद, नाव विचारलं तं सांगू नको कोनाले. इंजिन चालू ठेव."

निंबाच्या झाडाला बिसराम बांधलेला होता. त्याला माणूस म्हणून ओळखायला क्षणभर लागला. तोंड सुजून काळं झालं होतं, एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. मेलेल्या बायांचे नवरे, दीर, पोरं, सगळे भोवती. कोणाच्या हातात दोर, कोणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. प्रत्येक फटक्याबरोबर कोणीतरी मेलेल्या बाईचं नाव घेत होतं. सगळ्यात पुढं शंकरदादा. घामानं भिजलेला, डोळे लाल, हातात बैल हाकायची काठी. तो वेड लागल्यासारखा मारत होता.

मॅडम गर्दी फाडत गेल्या आणि झाडापुढं उभ्या राहिल्या. पहिला दांडा त्यांच्या खांद्यावर बसला. मारणाऱ्याला त्या कोण हे माहीत नव्हतं.

"थांबा! यानं लावली नाई आग!"

"बाजूले हो व बाई! दोन मढे पडले आमच्या घरी!"

"मले माहीत हाय कोनं लावली ते!"

तेव्हा गलका जरा थांबला. मॅडमनी लॅपटॉप उघडायचा प्रयत्न केला. कोणीतरी तो हिसकावून फेकून दिला. चित्र बघायला तिथं कोणाचे डोळे जागेवर नव्हते. त्यांनी भावाकडं पाहिलं. मी गाडीपाशी उभा होतो आणि मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. शंकरदादा मान हलवत होता, अगदी हळू, नको म्हणून. तेव्हा मला समजलं, की त्याला आतून ठाऊक होतं. आदल्या दुपारी त्यानं धुरा पेटवला होता, वारा फिरला होता, जाळ नाल्यापलीकडं गेला होता. तो इतक्या त्वेषानं मारत होता, त्याचं कारण तेच होतं.

"दादा, काल धुरा तू पेटवला," मॅडम म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुह्या वावरातून वर गेली आग. मी पाह्यलं."

शंकरदादानं काठी दोन्ही हातांनी धरली आणि बहिणीवर घातली. मॅडमनी डावा हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीपर्यंत आला. दुसरा घाव डोक्यावर. त्या पडल्या नाहीत. बिसरामला पाठीशी घालून झाडाला टेकल्या, रक्त डोळ्यांत उतरत होतं, आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "तू पेटवला, दादा."

मेलेल्या एका बाईचा दीर शंकरदादाकडं वळून बघायला लागला. मग दुसरा. गर्दीचं तोंड फिरायला लागलं तसं मॅडमच्या ध्यानात आलं, की आता झाडाला कोण बांधलं जाईल. त्या ओरडल्या, "त्यालेबी हात नाई लावायचा! कोनालेच नाई!" पण दोघांनी शंकरदादाची मान पकडली होती आणि तो खाली पडला होता. त्याला लाथा बसत होत्या. मोडका हात छातीशी धरून मॅडम त्याच्या अंगावर जाऊन आडव्या पडल्या. ज्या भावानं आत्ता त्यांचा हात मोडला होता, त्याच्यावर पडणाऱ्या लाथा त्यांनी पाठीवर घेतल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा त्या तशाच होत्या.

मी त्यांना आणि बिसरामला माझ्या गाडीतून परतवाड्याला नेलं. मागच्या सीटवर बिसरामचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. तो कोरकूत काहीतरी पुटपुटत होता. मॅडमना कोरकू येत नव्हती. त्या त्याला वऱ्हाडीत उत्तरं देत होत्या, "हो बाप्पा, हो, पोचलो आपन." तो वाचला. डोळा गेला.

पुढं खटला चालला. तोवर जास्त बारकाईची चित्रंही आली होती. त्यात नाल्याच्या वळणावरचा काळा बांध आणि तिथून पंख्यासारखं डोंगरावर पसरलेलं काळं जंगल कोणालाही दिसेल असं होतं. दादाच्या वकिलानं विचारलं, की ज्या भावानं शिकवलं त्याच्याविरुद्ध बोलताना काही वाटत नाही का. मॅडमनी साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर मूठ आपटली. न्यायाधीशांनी समज दिली. मग त्या म्हणाल्या, "वाटते. तुमी धुराचं विचारा."

शंकरदादाला शिक्षा झाली. मारहाण करणाऱ्या आणखी काहींनाही झाली. आईनं वलगावच्या घराचं दार मॅडमसाठी बंद केलं. आई गेली तेव्हा त्या गावात गेल्या होत्या. भाऊबंदांनी गाडीवर दगड मारले, काच फोडली, आणि त्या काचा मांडीवर घेऊन त्या वेशीतून परत फिरल्या. मग त्यांनी अमरावती सोडली. अकोल्याच्या एका कॉलेजात काम घेतलं आणि जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा. हात वाकडाच जुळला होता. कांदा आता उजव्या मुठीनं फोडायच्या.

मी अकोल्याला घरी आलो की त्यांच्याकडं जायचो. त्या वेळी ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मीनं दिलेला शीरखुर्मा घेऊन गेलो होतो. आम्ही वाट्या घेऊन बसतो न बसतो तोच दारावर थाप पडली. दारात शंकरदादा. केस पांढरे, अंगानं अर्धा झालेला. सुटून आलेला होता. मी उठून मॅडमच्या पुढं झालो. त्यांनी मला बाजूला केलं.

कोणी कोणाला या म्हटलं नाही. तो आत येऊन उभा राहिला.

"मले दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"कोर्टात मी मान वर नाई केली. मले दाखव."

मॅडमनी लॅपटॉप त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तो जमिनीवरच बसला. त्यांनी चित्रं सरळ क्रमानं लावली. नाल्याच्या वळणाशी आधी काहीच नव्हतं. मग एक भुरकट डाग. मग त्याला शेपूट फुटलं, ते हद्द ओलांडून डोंगरात चढलं, रुंद झालं. मॅडमनी एका जागी बोट ठेवलं. "दोघी इथं होत्या."

"एकडाव अजून लाव."

त्यांनी लावलं. तिसऱ्यांदा लावलं. डाग पुन्हा उमटला तसा शंकरदादानं मूठ उचलून पडद्यावर घातली. पुन्हा घातली, पुन्हा घातली. काच फुटून त्याच्या बोटांत शिरली तरी थांबेना. मॅडमनी त्याच्या कानशिलात एक लगावली. तेव्हा तो थांबला.

"मीच व, कुमे," तो म्हणाला.

"हो, दादा."

तो वाट बघत होता, त्या आणखी काही बोलतील म्हणून.

रक्त फरशीवर ठिबकत होतं. मॅडमनी त्याचं मनगट धरून वर केलं आणि मला म्हणाल्या, "साजिद, औषधाच्या दुकानातून पट्टी आन. अन् कापूस." मी धावत गेलो, घेऊन आलो, त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, जा आता. काही महिन्यांनी मला दूर दक्षिणेत नोकरी लागली. मॅडमचा फोन येतो, आवाज तसाच आहे. पण डोळ्यांनी बघणं झालं ते त्या दिवशीचं शेवटचं. जिना उतरताना मी वळून पाहिलं. दार उघडंच होतं. शंकरदादा हात वर धरून फरशीवर बसला होता आणि मॅडम त्याच्यापुढं उकिडव्या बसून चिमट्यानं त्याच्या बोटांतली काच काढत होत्या, आणि दर तुकड्याला त्याला शिव्या देत होत्या.